रोज एक पान

कंपाउंडरने फोन कानाला लावला आणि मांडीवरच्या वहीची चार कोरी पानं मुद्दाम खसाखसा उलटली, पलीकडे ऐकू जावीत म्हणून.

"झालं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. सकाळचे सात वाजले होते.

"झालं. एक पान आणि वर चार ओळी."

"वर चार ओळी! कमाल आहे तुमची. माझं अर्धंच झालंय. थांबा, पुरं करूनच चहा घेते."

फोन ठेवून त्याने वही मिटली. गेले चार महिने तो रोज असंच खोटं बोलत होता.

चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधून निवृत्त झाल्यावर तो पुस्तकं बदलायला वाचनालयात जायचा. आठवणी लिहायच्यात, पण दोन दिवस लिहितो नि आठ दिवस टाळतो, असं एकदा बोलून गेला. बाई हसल्या. त्यांचंही लेखन वर्षानुवर्षं उद्यावर चाललं होतं.

"एकमेकांच्या मानगुटीवर बसल्याशिवाय आपल्याच्यानं हे व्हायचं नाही," त्या म्हणाल्या.

ठरलं. रोज एक पान, सातला फोन, आणि नुसत्या शब्दावर विश्वास.

एकतीस पानं त्याने खरीच लिहिली. मग मजकूर बायकोच्या आजारपणापाशी आला आणि पेन अडलं. पहिली थाप लाजेपोटी मारली. दुसरी पहिलीला सांभाळायला. पुढे जीभच सरावली. वाचनालयात तोंड दाखवणं मात्र त्याने बंद केलं.

एका मंगळवारी सात वाजून गेले तरी फोन आला नाही. त्यानेच लावला. बाईंच्या धाकट्या बहिणीने उचलला.

"ताई गेली हो. पहाटे."

"अशी अचानक?"

"अचानक कुठली? तीन महिने अंथरुणावर होती. तुम्हाला नव्हतं सांगितलं?"

पंधरा दिवसांनी, वही पिशवीत घालून, तो त्यांच्या घरी गेला. बहिणीने आतली खोली दाखवली. एका कोपऱ्यात पलंग, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली टेबल. पलंगापासून टेबलापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. त्याने त्याकडे पाहिलं.

"भिंत धरून जायची," बहीण म्हणाली. "पडून राहा म्हटलं की माझ्यावरच डाफरायची. म्हणायची, तिकडे पान झालंय, मी कशी मागे राहू?"

तिने टेबलावरच्या वह्या पुढे सरकवल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात नोंद. त्यांचं एक पान. त्यांचं दीड. त्यांचं एक आणि चार ओळी. मग बाईंचा मजकूर. अक्षर हळूहळू मोठं होत गेलं होतं, मग वाकडं. शेवटच्या पानावर, 'त्यांचं एक झालं' याच्याखाली, अडीच ओळी होत्या.

कंपाउंडरने वही मिटली. ती नीट इतर वह्यांवर ठेवली. कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

"मी लिहीत नव्हतो," तो म्हणाला. "चार महिने. एक ओळसुद्धा नाही."

बहीण पलंगावर बसली. उशी ओढून मांडीवर घेतली.

"म्हणजे ती उगीच..." तिने वाक्य सोडून दिलं.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"पिशवीत काय आहे?" तिने विचारलं.

"माझी वही."

ती उठली, टेबलासमोरची खुर्ची ओढली. तिच्या आवाजात राग होता की नाही, ते त्याला कळेना.

"बसा. जिथे अडलात तिथून लिहा. एक पान झाल्याशिवाय या घरातून जायचं नाही."

ती निघून गेली. कंपाउंडर बसला. बराच वेळ पेनचं टोपण हातात फिरवत राहिला. मग लिहिलं, की त्या दिवशी बायकोने पाणी मागितलं तेव्हा मी घरी आणलेल्या पुड्या बांधत होतो आणि आलोच म्हणालो. पुढचं वाक्य आपसूक आलं. त्याच्या पुढचंही.

पान निम्मं भरलं असेल. खांद्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं त्याला जाणवलं. दम लागल्यासारखा श्वास, भिंतीवरून हात सरकल्याची खसखस.

"थोडं थांबा," मान न वळवता तो म्हणाला.

"मला म्हणालात का?" स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला.

कंपाउंडरचं पेन क्षणभर थबकलं.

"नाही," तो म्हणाला, आणि लिहीत राहिला.