तिसऱ्या नंबरची खुर्ची

खरं तर चूक एवढीच झाली, की संघ जिंकायला लागला.

अध्यक्षीणबाईंचा मूळ धंदा सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या करण्याचा. खाली दुकान, त्यात फोमचे थर, काथ्या, स्प्रिंगा आणि रेक्झिनचे तागे; वर पोटमाळ्यावर फुटबॉल क्लबचं ऑफिस. नवरा गेल्यावर दुकान आणि क्लब दोन्ही त्यांच्या गळ्यात पडले. दुकान चालायचं, क्लब रखडायचा. लीगमध्ये सोळा क्लब होते आणि त्यात यांचा नंबर तेरा ते सोळाच्या मध्ये कुठेतरी ठरलेला. खजिनदार होते धाकटे दीर. ते क्लबचा हिशेब ठेवत आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावरच्या पांढऱ्या रेघाही स्वतःच मारत, कारण रेघा मारणाऱ्याचा पगार त्यांनीच काटकसर म्हणून कापला होता.

आता लीगचा कारभार असा, की टीव्हीवाल्यांकडून दरवर्षी भलीमोठी रक्कम यायची आणि ती नंबरानुसार वाटली जायची. पहिल्याला पोतं, शेवटच्याला चिमूट. ज्याला पोतं मिळे तो चांगले खेळाडू विकत घेई, म्हणून पुन्हा पहिला येई, म्हणून पुन्हा पोतं. बाईंना हे पहिल्याच वर्षी खटकलं. त्यांनी ठराव लिहिला : टीव्हीच्या पैशातला निम्मा भाग सोळाही क्लबांना सारखा वाटावा, उरलेला निम्मा खुशाल नंबराप्रमाणे द्यावा. मत द्यायचं ते उभं राहून, आणि ठराव मंजूर व्हायला अकरा मतं लागत. पडली दहा. पुढच्या वर्षी पुन्हा ठराव, पुन्हा दहा. अशी सात वर्षं गेली. लीगच्या ऑफिसात त्याला 'गादीवाल्या बाईंचं रडगाणं' म्हणत, आणि ते बाईंना माहीत होतं.

लीगचा आणखी एक नियम असा, की वार्षिक सभेत मांडायचा ठराव हंगामाची पहिली शिट्टी वाजण्याआधी द्यावा लागतो. बाईंनी तो नेहमीसारखा दिला. गेल्या वर्षीचाच कागद, फक्त तारीख बदललेली. आणि मग संघात एक नवा पोरगा आला, सगळे त्याला टोळ म्हणत. हाडकुळा, गुडघे बाहेर आलेला, धावायला लागला की चारी दिशांना हातपाय फेकणारा. पण चेंडू गोलात. एकोणतीस गोल. हंगाम संपला तेव्हा क्लब तिसरा होता.

तिसऱ्या नंबराला मिळते ती रक्कम पाहून भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि खुर्चीत बसले.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," सभेला जाताना ते टेम्पो चालवत म्हणाले. टेम्पो दुकानाचाच होता. मागे दोन खुर्च्या होत्या, त्या परतीच्या वाटेत एका गिऱ्हाइकाला पोचवायच्या होत्या. "आयुष्यात पहिल्यांदा घबाड मिळतंय, आणि ते वाटून टाकायचा ठराव कोणाचा? तर आपलाच!"

"मला काय स्वप्न पडलं होतं, आपण तिसरे येऊ म्हणून?"

"मग मागे घ्या ना, वहिनी. मांडणाऱ्याला घेता येतो. ठराव पुकारल्यावर नुसतं म्हणायचं, मागे घेते. एका वर्षाचाच प्रश्न आहे. सगळे पैसे हातात आले तर टोळ राहील. नाही आले तर सिमेंटशेठ त्याला उचलून नेतील. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेलाय."

सिमेंटशेठ म्हणजे पहिल्या नंबरच्या क्लबचे मालक. गेली पाच वर्षं चषक त्यांच्याच काचेच्या कपाटात होता.

बाई बाहेर बघत बसल्या. भाऊजींचा आवाज उतरला.

"वहिनी, माझी एकसष्टी झाली. तीस वर्षं त्या मैदानावर रेघा मारतोय. एकदा, फक्त एकदा, तो चषक हातात घेऊन बघायचाय मला. किती जड असतो ते तरी कळेल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस तोंडानं फटकळ, पण नवरा गेल्यावर शाळेत जाणाऱ्या दोन मुलींना रोज सायकलवरून सोडणारा हाच होता.

"आणि तरी तुम्ही उभ्या राहिलात ना," भाऊजी पुन्हा मूळ पदावर आले, "तर मी तीन महिने तुमच्याशी बोलणार नाही. सांगून ठेवतो."

तीन महिने हा आकडा त्यांनी उगाच काढला नव्हता. दातांचे डॉक्टर म्हणून ओळखले जाणारे एक अध्यक्ष होते. त्यांचा क्लब आणि बाईंचा क्लब म्हणजे तळातले जुने सोबती. डॉक्टर दरवर्षी ठरावाच्या बाजूनं उभे राहायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचा क्लब चुकून सहावा आला आणि त्या वर्षी डॉक्टर बसून राहिले. बाईंनी त्यांच्याशी तीन महिने बोलणं टाकलं होतं. दाढ ठणकत होती तरी दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या आणि चांगली दाढ काढून घेऊन आल्या.

अखेर समेट झाला तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "बाई, एकदा तिथं बसून बघा."

लीगच्या सभागृहात खुर्च्या नंबराप्रमाणे मांडलेल्या असत. चार रांगा, प्रत्येकीत चार. पहिल्या रांगेत पहिले चार क्लब, शेवटच्या रांगेत तळातले चार, आणि त्यांच्याही मागे भिंतीला लागून पाहुण्यांचं लाकडी बाक. बाई सवयीनं थेट शेवटच्या रांगेकडे निघाल्या, तर शिपाई हसून म्हणाला, "मॅडम, यंदा पुढे." भाऊजी मागच्या बाकावर टेकले.

तिसऱ्या नंबरच्या खुर्चीत बसताच बाईंच्या धंदेवाईक पाठीला सगळं समजलं. बसलं की माणूस हलकेच दोन बोटं आत जातो आणि थांबतो, फोम अव्वल. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांत तर फोम नावालाच, खालची फळी टोचते. सात वर्षं तासन्‌तास त्यांनी ती फळी सोसली होती. खुर्च्यांची लाकडं मात्र सगळ्यांची एकाच सुताराची. बाईंनी हात फिरवून खात्री करून घेतली.

"या ताई, या!" एक खुर्ची सोडून पलीकडून सिमेंटशेठ म्हणाले. मागच्या सात वर्षांत त्यांनी बाईंकडे पाहिलंही नव्हतं. "उशिरा का होईना, आलात आपल्यात. तो नऊ नंबरचा ठराव आता काढूनच टाका. तुमचंच नुकसान. आणि त्या टोळाची काळजी करू नका, मी आपल्या माणसांच्या खेळाडूंना हात लावत नाही."

आपल्या माणसांच्या! बाईंना कौतुक वाटलं की राग आला, हे त्यांचं त्यांनाच कळेना. खुर्ची मात्र फारच मऊ होती.

कॉफी आली. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. गारढोण.

"इथली कॉफी ही अशीच," सिमेंटशेठ म्हणाले. "पंधरा वर्षं पितोय. एकदा गरम मिळेल तर शपथ."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. कॉफी गार? भटारखान्याचं दार मागे होतं. पोरगी ट्रे घेऊन शेवटच्या रांगेपासून सुरुवात करायची. मागे वाफाळती कॉफी मिळायची, इतकी की डॉक्टर बशीत ओतून प्यायचे. आणि या गृहस्थाला पंधरा वर्षांत त्याचा पत्ता नाही. तो कधी मान वळवून मागे बघतच नव्हता, तर त्याला कळणार तरी कसं?

एक ते आठ विषय रखडत चालले होते. बाईंनी पिशवीतून जुन्या सभांची इतिवृत्तं काढली. ठरावाच्या वेळी कोण बसून राहिलं, त्यांची नावं दरवर्षी खाली लिहिलेली असत. आजवर त्या नावं वाचून फक्त चडफडायच्या. आज त्यांनी ती पहिल्यांदा नीट वाचली. नावं दरवर्षी बदलत होती. जो एका वर्षी बसला तो दोन वर्षांनी उभा राहिलेला, आणि जो तेव्हा तावातावानं उभा राहिला तो नंतर बसलेला. बाईंनी सातही वर्षांचे नंबर पडताळले. बसलेले नेहमी सहा. आणि ते सहा म्हणजे त्या त्या वर्षीच्या पहिल्या सहा खुर्च्या. माणूस कोणीही असो, पळसाला पानं तीनच.

म्हणजे डॉक्टर फितूर झाले नव्हते. ते फक्त सहाव्या खुर्चीत बसले होते. आणि आपण तीन महिने अबोला धरला, वर एक चांगली दाढ घालवली! बाईंना हसू आलं. मग त्यांनी पुन्हा आकडे मोजले. मागचे दहा आजही उभे राहणार होते. म्हणजे या तिसऱ्या खुर्चीतून कोणी उठलं तर अकरा. सात वर्षं जे एक मत त्या सभागृहभर शोधत होत्या, ते आज त्यांच्याच बुडाखाली होतं.

"विषय क्रमांक नऊ," सचिव म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "मांडणाऱ्या स्वतः... हं. आपण ठराव मागे घेत आहात का?"

सिमेंटशेठ प्रेमानं हसले. बाईंना टेम्पोतला तो आवाज आठवला. किती जड असतो ते तरी कळेल. त्यांना वाटलं, घ्यावा मागे. कोण काय म्हणणार आहे? आजवर सगळ्यांनी हेच केलंय. पुढच्या वर्षी तेरावे आलो की पुन्हा मांडू, तोच कागद, फक्त तारीख बदलून.

आणि तिथंच त्यांना स्वतःची लाज वाटली. तेरावे आलो की मांडायचा आणि तिसरे आलो की गिळायचा, तर मग ते खरोखरच रडगाणं होतं. लोक बरोबर म्हणत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज जरा चिरकाच निघाला. "मतदान घ्या."

"ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी उभं राहावं."

बाई उभ्या राहिल्या. मऊ खुर्चीतून उठणं फार अवघड असतं, हे गिऱ्हाइकांना त्या नेहमी सांगत. आज स्वतः अनुभवलं. उजवीडावीकडे तिघंही बसलेले. सिमेंटशेठांचं हसू ओठांवरच वाळलं. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, पण वळून बघायचा बाईंना धीर झाला नाही. त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले.

सचिव बोटानं हवेत मोजत होते. एकदा मोजलं. कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा मोजलं.

"बारा," ते म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. सिमेंटशेठ गर्रकन दुसऱ्या रांगेकडे वळले, आपल्यातलं आणखी कोण फुटलं ते बघायला. दुसऱ्या रांगेतले पहिले दोघं खुर्चीला घट्ट चिकटून होते.

"थांबा, थांबा." सचिवांनी मान उंचावली. "मागच्या बाकावरचे गृहस्थ! अहो, आपण पाहुणे आहात. आपल्याला मत नाही. खाली बसा बघू."

बाईंनी मान वळवली. शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला पाठ लावून, हातात कॉफीचा कप धरून भाऊजी उभे होते. सैनिकासारखे ताठ.

"मत नसेल माझं," भाऊजी म्हणाले. "पण उभं राहायला काय हरकत आहे?"

"अकरा," सचिवांनी हताशपणे लिहिलं. "ठराव मंजूर."

मागच्या रांगांत एकच गलका उडाला. डॉक्टर तर रडतच होते आणि ते लपवायला रुमालानं दात पुसत होते. बाई वाट काढत मागच्या बाकापाशी पोचल्या. गेला टोळ, गेला चषक, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुम्ही का उभे राहिलात, भाऊजी?"

भाऊजींनी कपात बघितलं. "सात वर्षं दर सभेनंतर मीच तुम्हाला टेम्पोतून घरी नेलंय. दर वेळी खिडकीबाहेर तोंड करून बसायच्या. घर येईपर्यंत चकार शब्द नाही. आज तुम्ही पुढे एकट्याच उभ्या दिसलात, आणि मला वाटलं, पुन्हा तसलं नेणं माझ्याच्यानं होणार नाही."

बाईंचे डोळे भरून आले. पदरानं पुसत त्यांनी विचारलं, "आणि ते तीन महिन्यांचं?"

"ते आहेच. बोललो म्हणजे बोललो." भाऊजींनी आपला कप त्यांच्या हातात दिला. अजून गरम होता. "पण उद्यापासून. आज वाटेत त्या दोन खुर्च्या पोचवायच्यात, आणि तो पत्ता तुमच्याकडेच आहे."