मी डुलणारच

मी एक घसरगाडी बोलतेय. चाकं नसलेली, पुढे दोरी बांधलेली, बर्फावरून ओढायची लाकडी गाडी. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुरकुर नको. मला सरळ चालता येत नाही. मी डुलते. पुढे झुकते, मागे झुकते आणि मग मनात आलं तर सरकते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी प्लॅस्टिकची गाडी घ्यावी. दुकानाबाहेर लाल, निळ्या, पिवळ्या हव्या तेवढ्या टांगलेल्या असतात.

माझा जन्म खुर्च्यांच्या कारखान्यातला. या घरातले बाबा तिथे सुतार आहेत. ते झुलत्या खुर्च्या बनवतात. म्हातारी माणसं ज्यात बसून पेंगतात आणि हटकलं तर 'मी जागाच आहे' म्हणतात, त्या खुर्च्या. खुर्चीच्या पायांना खालून दोन कमानदार पट्ट्या असतात, त्यांच्यावर ती झुलते. अशाच एका जोडीत लाकडाला गाठ निघाली म्हणून ती बाद झाली. घरी दोन मुली, हिवाळा तोंडावर आलेला आणि पट्ट्यांना आयतीच कमान. बाबांनी त्या मागून घेतल्या, वर फळ्या ठोकल्या, पॉलिशचे दोन हात मारले, दोरी बांधली आणि झाले मी तयार.

घसरगाडीच्या पट्ट्या खालून सपाट लागतात, नुसतं पुढचं टोक वळलेलं असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ज्या माणसाने उभा जन्म लोकांना एका जागी झुलवलं, त्याच्या डोक्यात ते आलंच नाही.

पहिल्याच रविवारी सगळं घर मला घेऊन बागेतल्या टेकाडावर गेलं. वर दोघी मुलींना बसवून बाबांनी मला ढकललं. मी निम्म्या उतारापर्यंत गेले, नाक बर्फात टेकवलं, मागे कलले आणि तिथेच उभी राहून डुलायला लागले.

"भाऊजी, गाडी केलीत की पाळणा?" मामा वरून ओरडला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दुसऱ्याच्या कामात खोट काढायला तो कधीही मोकळा असतो.

"इथला बर्फच खडबडीत आहे रे," बाबा म्हणाले.

"हो हो! नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. आई तर तोंडाला रुमाल लावून हसली. त्या दिवसापासून आख्ख्या गल्लीत माझं नाव पाळणा पडलं. पडेना का! नावं ठेवणाऱ्यांना दोरी ओढावी लागत नाही.

कामाला मात्र मीच होते. आईची टपाल कचेरीत सकाळची पाळी असायची, म्हणून मुलींना पोचवायचं काम बाबांचं. ताई पुढे ताठ बसायची, शाळेत जाणारी ना! धाकटी मागे, कानटोपीत नाकापर्यंत बुडालेली. कोपरा येईपर्यंत मी तिला झोपवून टाकायचे. बालवाडीच्या बाई दारातच म्हणायच्या, "आली का झोपाळू स्वारी?" येताना माझ्यावर बटाट्याची पिशवी असायची. मी एकदा डुलले की बटाटे रस्ताभर आणि बाबा त्यांच्यामागे.

हिवाळ्यात माणसं फार बघण्यासारखी होतात. निसरड्यावर हात पसरून बदकासारखी चालतात, आणि कुणी घसरून पडलं की आधी इकडेतिकडे बघतं, मग आपल्याला लागलंय का ते बघतं. एका बॅगवाल्या साहेबांना तर मी रिकामी गल्ली बघून मुद्दाम घसरताना पाहिलंय. मागे वळून त्यांनी पुन्हा एकदा घसरून घेतलं. अशांना मी कधी हसले नाही.

ताई मोठी झाली आणि तिला माझी लाज वाटायला लागली. "बाबा, इथेच सोडा ना, मी जाते चालत," असं कोपऱ्यावरच म्हणायची. मग तिच्या वाढदिवसाला मामाने लाल प्लॅस्टिकची गाडी आणली. माझी रवानगी गॅलरीत, बादली आणि पोतेऱ्याच्या मागे झाली. मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटेल. छे! मला राग आला. पोतेऱ्याशेजारी उभं राहण्यासारखं मी काय केलं होतं?

एका रविवारी ताईने धाकटीला पुढ्यात घेतलं आणि लाल गाडी टेकाडावरून सोडली. ती सुसाट गेली आणि खालच्या बाकावर आदळली. ताईला खरचटलंसुद्धा नाही. धाकटीच्या हनुवटीला टाके पडले.

टाके निघाले, पण भीती काही निघेना. धाकटी बर्फावर पाऊल ठेवायलाच तयार होईना. इमारतीच्या दारातून बाहेर पांढरं दिसलं की दाराची चौकट धरून किंचाळायची. लाल गाडी तर नकोच, बाबांचाही हात नको. फक्त आईच्या कडेवर. एवढी मोठी मुलगी, वर तिचा जाडजूड कोट, पायाखाली निसरडं. आई रोज कामावर उशिरा पोचायला लागली.

"साहेबांनी आज सगळ्यांसमोर सुनावलं," आई एकदा जेवताना म्हणाली. "आणखी आठवडाभर असंच चाललं तर घरी बसवतील मला."

"दोन फटके द्या, पळेल भीती," मामाने सल्ला दिला.

"तू गप रे!" आई म्हणाली.

ताईला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. तरी ती ताटातलं नुसतं चिवडत होती.

पुढच्या रविवारी बाबांनी मला गॅलरीतून आत आणलं. वाटलं, आता आली आठवण! तर त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी पाडली आणि रंधा काढला. "हिला सपाट करून टाकतो," ते आईला म्हणाले. "नीट चालली तर बसेल कदाचित. कधीच करायला हवं होतं, लोकांची बोलणी तरी वाचली असती."

रंधा फिरला. माझी एक पापुद्र्यासारखी साल निघून खाली पडली. मी कुरकुरले, पण सुताराला लाकडाचं कुरकुरणं नवीन नसतं.

टेबलाखाली धाकटी बसली होती. साल हातात घेऊन ती बाहेर आली.

"बाबा, मग ही मध्ये थांबणार नाही?"

"नाही गं राणी. आता कशी भुर्रकन जाईल बघ!"

तिने दोन्ही तळवे माझ्या पट्टीवर दाबून धरले, रंध्याच्या अगदी पुढ्यात. "नको. मला थांबणारीच हवी."

बाबांनी रंधा खाली ठेवला. ते माझ्या कमानीवरून हात फिरवत राहिले. मग ताई उठली, आपली कानटोपी चढवली आणि माझी दोरी हातात घेतली.

टेकाडावर पोरांनी एकच गिल्ला केला. "पाळणा आला रे, पाळणा आला!"

"हो, पाळणाच आहे," ताई म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "हसायचं तेवढं हसून घ्या."

आईने धाकटीला कडेवरून थेट माझ्यावर ठेवलं. तिने डोळे घट्ट मिटले. मी जरा सरकले, नाक टेकवलं, थांबले, डुलले. तिने एक डोळा उघडला. काहीच झालेलं नव्हतं. तिने टाचेने बर्फ रेटला आणि हळूच म्हणाली, "चल." मी पुन्हा जरा सरकले, पुन्हा थांबले. लोक हप्त्याहप्त्याने कपाट घेतात, तसं आम्ही ते टेकाड उतरायला घेतलं.

मागे लाल-निळ्या गाड्यांची रांग लागली. "ए, रस्ता सोडा! किती वेळ?"

ताई उताराच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. "कुणी यायचं नाही! माझी बहीण उतरतेय."

आणि थांबले सगळे. आमच्यामागोमाग आलेला मामासुद्धा थांबला. खाली पोचल्यावर धाकटी थोडा वेळ माझ्यावर डुलत बसली. मग तिने एक बूट बर्फावर ठेवला, मग दुसरा. माझी दोरी स्वतः धरली आणि मला वर ओढायला लागली. "पुन्हा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आई वेळेवर कामावर पोचली.

आता माझं पॉलिश उडालंय, रंध्याची खूण तेवढी राहिलीय. धाकटी आता लाल गाडीवरून आरडाओरडा करत उतरते, आणि मी गॅलरीतल्या खिळ्यावर असते. पोतेऱ्याशेजारी नाही, हे नीट लक्षात घ्या. दर हिवाळ्यात कुणीतरी शहाणा म्हणतो, आता तरी हिला सरळ करा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझा तर सुंभही अजून शाबूत आहे. घाई असलेल्यांना सगळं जग रस्ता देतं. एखादीला थांबत थांबत उतरायचं असेल, तर तिच्यासाठी एक तरी गाडी नको का?

काल मामा आला होता. त्याचं पोर आता चालायला लागलंय आणि टेकाड बघून भोकाड पसरतंय. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो धाकटीला म्हणाला, "काय गं, तुमचा तो पाळणा आहे का अजून?"

धाकटीने मला खिळ्यावरून काढलं, पण दोरी त्याच्या हातात दिली नाही. "देते. पण सरळ करायची नाही. कबूल?"

"कबूल, बाई!"

मामाने मला दारातच खाली ठेवलं, आणि मी तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर, एकदा झोकात डुलून घेतलं.