आरोग्य चांगले, पोट फुगलेले

तुम्ही खोटं लिहिलं. फोन कंपनीच्या गार केबिनमध्ये बसून, मला न बघता, न चाचपता, फोनच्या सेटिंगमध्ये माझ्या नावापुढे 'आरोग्य : चांगले' असं लिहून मोकळे झालात. तुमच्या त्या एका शब्दापायी नागपूरजवळच्या कोराडीच्या कॉलनीतली एक बाई स्वतःच्या घरात खोटी ठरली.

मित्रांनो, मी त्या बाईच्या, देवकीच्या, फोनमधली जुनी बॅटरी आहे. कारखान्यातून आले तेव्हा बिस्किटासारखी सपाट होते. सकाळी भरली की दिवस निघायचा. देवकीचा नवरा धर्मेंद्र चारचौघांत सांगायचा, "याची बॅटरी संपतच नाही गा!" अशा कौतुकावर माझा तेव्हाही भरवसा नव्हता.

मग नागपूरचे उन्हाळे लागले. फोन तापला की देवकी त्याला चार्जिंगला लावून कूलरच्या तोंडासमोर ठेवायची. इथं माणसं कूलरसमोर बसतात, तर फोनलाही तिथंच बसवतात. बाहेरून ओल, आतून धग. तिचा हेतू चांगला होता, पण माझं वाटोळं झालं. पोटात वायू धरत गेला. स्क्रीनवर चाळीस टक्के दिसायचे आणि जरा जोर पडला की मी कोसळायचे. टक्के म्हणजे फोननं बांधलेला अंदाज असतो, मित्रांनो. माझी ताकद नव्हे.

यंदा मे महिन्यात देवकीचे सासरे, बापूजी, सावनेरला मुलीकडे गेले होते. परतताना बसमधून उतरून त्यांनी "घ्यायले ये" म्हणायला देवकीला फोन लावला. फोन बंद. भर दुपारी ते स्टॉपवर ताटकळले आणि भोवळ येऊन पडले. कोळशाच्या ट्रकवाल्यानं तोंडावर पाणी मारून घरी आणलं, म्हणून निभावलं.

संध्याकाळी नणंद सुभद्रा सावनेरहून येऊन धडकली.

"काहून वं देवकी, फोन काहून बंद केला होता?"

"मी नाही केला, ताई. चाळीस टक्के होती. आपोआप बंद पडला."

"चाळीस टक्क्यांत बंद पडते का कुठं! सासरा जड झाला म्हण न सरळ."

धर्मेंद्रनं सेटिंग उघडली. "इथं तर चांगले लिहून आहे," तो म्हणाला. बायकोकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

देवकी रडली नाही. "तुम्हीच व्हिडिओ कॉल लावा न कोणालेही. मी हात नाही लावत."

त्यानं लावला. समोरचा चेहरा दिसायच्या आत फोन काळा. त्याच्याच हातात.

"तू आधीच काही दाबून ठेवलं असन यात," सुभद्रा म्हणाली.

खाटेवरून बापूजी बोलले, "आण गा धर्मा इकडं." त्यांनी फोन स्टुलावर ठेवून टिचकी मारली. तो भोवऱ्यासारखा गरगरला. सपाट पाठ अशी फिरत नाही. मागचं झाकण मी आतून उचललं होतं.

"पोट सुटलं वं याचं, माह्यासारखं! अन् म्हणते तब्येत चांगली!"

धर्मेंद्र ओशाळला. सुभद्रा मात्र चपला घालता घालता बोललीच, "आता फुगली असन. दुपारचं कोण सांगे?"

मित्रांनो, फोन अचानक बंद पडू लागला, पाठ फुगली, हाताला चटका बसू लागला, तर स्क्रीनवरच्या शब्दावर विसंबू नका. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. दुकानात नेऊन बदलून घ्या. मलाही उद्या काढतील. त्याचं मला दुःख नाही.

पण सुभद्राच्या मनातला संशय कोणतं दुकान बदलून देणार? केबिनवाल्यांनो, मला चांगली ठरवलं कोणी? कशानं मोजलं? देवकीच्या घरी या, सुभद्राला समोर बसवा आणि तिला तोंडावर सांगा, की देवकी खरं बोलत होती. बोला, कधी येता?