दोन वर्षांपूर्वीची स्थळं

मंगलधागा विवाह सेवेच्या ठाण्यातल्या मुख्य कार्यालयात रोज सकाळी साडेनऊला सगळ्यांना एक मेल येई : ‘कालचा बॅकअप यशस्वीरीत्या पूर्ण.’ खाली नाव असे, सलिल बेहेरे, आयटी प्रमुख. आयटी विभागात माणसं दोनच होती, त्यामुळे त्यांना प्रमुखाची नितांत गरज होती. दुसरी होती मैथिली दांडेकर. ती सात महिन्यांपूर्वी डोंबिवलीहून इथे रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने एक अत्यंत अशोभनीय प्रश्न विचारला.

“सर, बॅकअप रोज होतो. पण तो परत भरून कधी बघितलाय का?”

सलिलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने लग्नमंडपात नवरदेवाचा पगार विचारला.

“परत कशाला भरायचा? काही गेलं तर भरू ना!”

“गेल्यावर कळलं की तो चालत नाही, तर?”

“अगं मैथिली, चालत नसता तर यशस्वी कसा म्हणेल तो? मशीन खोटं बोलत नाही. तू ना, उगाच टेन्शन घेतेस.”

मशीन खरोखरच खोटं बोलत नव्हतं. त्याला सांगितलेलं काम ते इमानेइतबारे करत होतं. काम काय सांगितलंय, एवढंच कोणी पाहिलं नव्हतं. मैथिलीने मालकांकडे लेखी अर्जही केला, की चाचणीसाठी एक जुना संगणक द्यावा. मालक म्हणजे मधुकर राजवाडे, सगळ्यांचे मधुकाका. तीस वर्षांपूर्वी कल्याणात पत्र्याच्या ट्रंकेत स्थळांची कार्डं ठेवून त्यांनी हा व्यवसाय सुरू केला होता. त्यांनी अर्ज वाचला, ‘विश्वासावरच संसार चालतो’ असं समासात लिहिलं आणि सलिलकडे पाठवला. सलिलने तो फायलीला लावला. फायलीचा मात्र बॅकअप नव्हता.

मग एका सोमवारी सकाळी सर्व्हर गेला.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एक बिघडली तर दुसरीने सांभाळावं म्हणून. पहिली चार महिन्यांपूर्वीच बिघडली होती. तेव्हापासून पुढचा पिवळा दिवा अखंड लुकलुकत होता. सलिलने त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती, कारण तो दिवा त्याच्या डोळ्यांत जाई. सोमवारी दुसऱ्या डिस्कनेही मान टाकली. कल्याण, डोंबिवली, दिवा, बदलापूर, सगळ्या शाखांचे पडदे कोरे झाले. अकरा हजार उपवर मुलंमुली एका झटक्यात नाहीशी झाली. समाजाचा एक मोठा प्रश्न सुटला, म्हणा.

“आता बघ,” सलिल बाह्या सरसावत म्हणाला. “यासाठीच असतो बॅकअप.”

मैथिली मदतीला उठली, तर त्याने हात वर केला. अशा वेळी एकानेच हात लावायचा असतो, असा त्याचा नियम होता. दुपारी चारला नव्या डिस्कवर सगळं भरून झालं आणि पडद्यावर मंगलधागाचा कलश उगवला. मधुकाकांनी पेढे मागवले.

“सर, शेवटची नोंद कुठल्या तारखेची दिसतेय?” मैथिलीने विचारलं.

“साइट उघडतेय ना? पेढा घे.”

तिने पेढा घेतला. त्या पेढ्यासाठी तिला पुढे बरेच दिवस स्वतःचाच राग येत राहिला.

दर मंगळवारी अकराला सगळ्या उमेदवारांना फोनवर संदेश जाई : ‘अभिनंदन! या आठवड्यात तुमच्यासाठी पाच अनुरूप स्थळं.’ हे काम सर्व्हर आपलं आपण करी. त्या मंगळवारीही त्याने ते केलं. अकरा वाजून सात मिनिटांनी पहिला फोन आला. रिसेप्शनवरच्या मेघनाने घाबरून तो मैथिलीकडे वळवला.

“मी शीला गद्रे बोलतेय, डोंबिवलीहून. तुम्ही माझ्या मुलाला स्थळ पाठवलंत.”

“हो, बोला ना.”

“त्याचीच बायको पाठवलीत.”

मैथिलीने पडद्यावर गद्रे हे नाव शोधायला घेतलं.

“तुमच्याकडूनच केली होती आम्ही. दीड वर्ष झालं. आणि खाली लिहिलंय, स्वयंपाकाची विशेष आवड. ही आवड नक्की कुठल्या काळातली आहे, तेवढं सांगाल का?” पलीकडून कोणीतरी “आई, फोन ठेवा हो!” म्हणून ओरडलं. सून असावी.

त्यानंतर फोन थांबेचनात. बदलापूरच्या एका मुलीला डोहाळजेवणाच्या पाटावर बसल्याबसल्या पाच मुलगे सुचवले गेले होते, त्यातला एक तिचा सख्खा दीर. ठाण्याचा एक गृहस्थ मात्र अगदी हळू आवाजात विचारत होता, की तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीशी अजून बोलणं होऊ शकेल का. त्याचंही लग्न झालेलं होतं.

मैथिलीने आधी संदेश बंद केले. मग शेवटची नोंद काढली. तारीख होती दोन वर्षं चार महिन्यांपूर्वीची. तिने ती तीनदा वाचली. बरोब्बर त्याच आठवड्यात मुख्य कार्यालय कल्याणहून ठाण्याला आलं होतं, नवा सर्व्हर घेतला होता आणि सगळा डेटा त्यावर हलवला होता. बॅकअपला मात्र नवा पत्ता कोणी कळवला नव्हता. जुना सर्व्हर कल्याणच्या शाखेत चालू राहिला होता आणि बॅकअप रोज रात्री त्याच्याकडे जाऊन तोच तो डेटा उचलून आणत होता. साडेआठशे वेळा. यशस्वीरीत्या.

तेवढ्यात आणखी एक फोन आला.

“मी आनंदा साळवी. दिव्याहून बोलतोय. आमच्या योगिनीच्या फोनवर तुमचा मेसेज आलाय.”

“माफ करा काका, आज जरा तांत्रिक...”

“ती गेली, मॅडम. मागच्या वर्षी. आम्ही तुमच्या दिव्याच्या हापिसात येऊन नाव काढायला सांगितलेलं. त्या बाईंनी समोर काढलं पण होतं.” त्यांनी आवाज खाली आणला. “फोन मीच चालू ठेवलाय. अभिनंदन म्हणून आला मेसेज, तिची आई बघत बसली ना. आता काय सांगू तिला?”

‘तांत्रिक’ हा शब्द मैथिलीने पुन्हा उच्चारला नाही. “पुन्हा येणार नाही काका,” एवढंच ती म्हणाली. “मी स्वतः बघते.” साळव्यांनी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मधुकाकांच्या केबिनमध्ये सलिल भिंतीवरचं लग्नाच्या मुहूर्तांचं कॅलेंडर वाचत उभा होता.

“तांत्रिकदृष्ट्या बॅकअप झालेलाच आहे, काका,” तो म्हणाला. “फक्त तो जरा जुना आहे.”

“जरा?” काकांचा आवाज चिरकला. “अरे, त्या वेळी ज्यांची लग्नं लावली त्यांची पोरं आता चालायला लागलीत!”

“डिस्क कंपनीकडे पाठवू. महिन्याभरात काहीतरी निघेल.”

“महिनाभर मी लोकांना काय सांगू? थांबा, लग्न करू नका?”

मैथिली ऐकत होती, पण तिचं डोकं दुसरीकडे चाललं होतं. सर्व्हरमधून डेटा आत येतो तसा बाहेरही जातो. तो कुठे कुठे जातो? संदेश पाठवणाऱ्या कंपनीला फक्त फोन नंबर जातात. आणि दर शुक्रवारी गुरुजींना पत्रिका जातात. रघुनाथ गुरुजी, पारनाका, कल्याण. गुण जुळवायला जन्मतारीख, वेळ आणि गाव, एवढंच लागतं त्यांना. मग मागच्या महिन्यात फोनवर ते का कुरकुरत होते, की तुमची फाईल फार मोठी येते हो, उतरायला अर्धा तास लागतो? अकरा हजार जन्मवेळा काही इतक्या जड नसतात.

“काका, मी कल्याणला जाऊन येते,” ती म्हणाली आणि कोणी हो म्हणायच्या आत निघाली.

गुरुजी सोवळ्यात नव्हते, बनियनवर होते. संगणक खिडकीशी होता. त्याला पासवर्ड नव्हता, शेजारच्या उदबत्तीची राख की-बोर्डात पडत होती आणि खिडकीबाहेरून जाणारा कोणीही हात घालून अकरा हजार लोकांची कुंडली नेऊ शकला असता. एरवी मैथिलीने तिथल्या तिथे अहवाल लिहिला असता.

“गुरुजी, आमच्या शुक्रवारच्या फायली तुम्ही काम झाल्यावर पुसता का?”

“पुसतात कसं ते कोण सांगणार मला?” गुरुजी म्हणाले. “आणि आलेली पत्रिका पुसू नये.”

तिने फोल्डर उघडला. एकशे बावीस फायली, ओळीने, तारखेसह. तिने शेवटची उघडली आणि खुर्चीत मागे टेकली. ज्याने कधीकाळी हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याला फक्त जन्मवेळा निवडून काढायचा कंटाळा आला असावा. ते सॉफ्टवेअर दर शुक्रवारी अख्खा डेटाबेस पाठवत होतं. अख्खा! नावं, पत्ते, झालेली लग्नं, मोडलेली लग्नं, ‘मुलगी बघून गेले, चहा आवडला नाही’ अशा शेऱ्यांसकट. इतक्या मोठ्या व्यवसायाचा एकमेव चालू बॅकअप एका माणसाच्या अज्ञानावर आणि दुसऱ्याच्या आळसावर सुखरूप उभा होता.

“काही अडचण आहे का?” गुरुजींनी विचारलं. “या महिन्यात राजवाड्यांना शनी जरा कडकच आहे. मी बोललो होतो त्यांना.”

“शनी नाही गुरुजी. सलिल.”

पेन ड्राइव्हवर फाईल उतरायला अर्धा तास लागला, गुरुजी म्हणाले होते तसाच. जाताजाता ती कल्याणच्या शाखेत डोकावली. काउंटरखाली जुना सर्व्हर घरघरत होता. त्याच्यावर सुमतीताईंचा जेवणाचा डबा ठेवलेला होता.

“हे होय?” सुमतीताई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं इन्व्हर्टर आहे. डबा छान गरम राहतो हो यावर.”

मैथिलीने डबा अदबीने उचलून टेबलावर ठेवला आणि वायर काढली. घरघर थांबली. दोन वर्षं चार महिने निरर्थक राबलेल्या त्या यंत्राची तिला क्षणभर दया आली. त्याचा तसा काहीच दोष नव्हता.

बुधवारी दुपारपर्यंत शुक्रवारचा डेटा जागेवर बसला आणि बॅकअपला नवा पत्ता मिळाला. या खेपेला मैथिलीने सलिलला हात लावू दिला नाही, आणि त्यानेही फारसा आग्रह धरला नाही. सुरू करण्याआधी तिने तीन गोष्टी तपासल्या. शेवटची नोंद : शुक्रवार. अपूर्व आणि संचिता गद्रे, डोंबिवली : विवाहित. योगिनी साळवी : अशी नोंद सापडली नाही. मग शनिवार-रविवारचे त्रेचाळीस अर्ज शाखांतल्या कागदांवरून पुन्हा टाइप करायला बसली. मेघनाही मदतीला आली. शेवटी तिने दिव्याला फोन लावून साळव्यांना सांगितलं, की झालं. ते म्हणाले, “बरं झालं, मॅडम.” आणि मग, “जेवलात का?”

गुरुवारी बैठक झाली. सलिलने सादरीकरण आणलं होतं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं : ‘दुर्गम स्थळी अतिरिक्त बॅकअप : आपली दूरदृष्टी’. दुर्गम स्थळ म्हणजे पारनाका. तिथे रिक्षा सरळ दारात जाते. मधुकाका मान डोलावत होते. संकटातून माणूस बाहेर आला की त्याला संकट आपणच आखलेलं वाटायला लागतं.

“शाब्बास सलिल,” ते म्हणाले. “आणि मैथिली, तूही धावपळ केलीस हो. काय हवं सांग.”

तिला बरंच काही सांगता आलं असतं. सात महिन्यांचा राग होता, पेढ्यासकट. पण साळव्यांचा तो शांत आवाज तिच्या कानात होता, आणि तिला वादात जिंकण्यापेक्षा तो पुन्हा ऐकावा न लागणं जास्त हवं होतं.

“दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप वेगळ्या मशीनवर भरून बघायचा. मी स्वतः. त्यासाठी एक संगणक, सर्व्हरच्या खोलीची किल्ली, आणि हे लेखी. समासात नाही, काका. कागदाच्या मधोमध.”

काकांनी सलिलकडे पाहिलं. सलिल म्हणाला, “म्हणजे... रोजचा मेल मीच पाठवणार ना?”

“तुम्हीच, सर.”

हा तह सगळ्यांना मान्य झाला. गुरुजींना त्या शुक्रवारपासून फक्त जन्मवेळा जाऊ लागल्या. फाईल एका मिनिटात उतरते म्हणून त्यांनी काळजीने फोन केला, की धंदा बसला की काय.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. मैथिलीने सकाळी दहाला काम सुरू केलं. दुपारी एकला डेटा उघडला, नावं आली, तारखा बरोबर आल्या, पण एकाही उमेदवाराचा फोटो येईना. अकरा हजार लोकांच्या जागी राखाडी चौकोन. तिने शोधलं. फोटोंचा फोल्डर दुसऱ्या, त्या सोमवारी न बिघडलेल्या सर्व्हरवर होता आणि तो बॅकअपच्या यादीत कोणी घातलाच नव्हता.

सलिल दारातून डोकावला. “फसलं ना? सांगत होतो मी. उगाच नसती उठाठेव.”

“हो सर, फसलं,” मैथिली म्हणाली, आणि ती इतकी मोकळेपणाने हसली की सलिल गोंधळला. खरे फोटो बाजूच्याच सर्व्हरवर व्यवस्थित होते. कोणाचं काही गेलं नव्हतं, कोणाचा फोन वाजला नव्हता. तिने यादीत फोल्डर जोडला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा भरायला लावलं. अजून तीन तास लागणार होते. तिने पिशवीतून वांग्याच्या भाजीचा डबा काढला आणि मेघनाला जेवायला हाक मारली.