कंबरेचं खरं माप

माझ्या भावाला गल्लीत सगळे लहान्या म्हणतात. पाच भावंडांतला शेवटचा म्हणून लहान्या, नाहीतर त्याच्यात लहान असं काहीच नव्हतं. दुकानाच्या दारात उभा राहिला की आत अंधार व्हायचा आणि वर तोच म्हणायचा, "ताई, दिवा लाव, मी आलोय."

दुकान आमचं दोघांचं. एकच खोली, मधे काचेचं कपाट. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे त्याचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. बोटं जाडजूड, पण डोळ्याला भिंग लावून चिमटा धरला की केसाएवढी स्प्रिंगसुद्धा निमूट जागेवर जाऊन बसायची. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. दुपारी चारला मी मशीन थांबवायची, तो भिंग काढायचा आणि शेजारच्या बेकरीतून गोड पाव यायचे, लोणी लावलेले, वर साखर भुरभुरलेले. मी एक खायची, तो तीन. संध्याकाळी घरी जाताना काहीतरी तळलेलं व्हायचंच. भाजी त्याला औषधासारखी वाटायची. मी रागवायची, पण माझा राग किती खोल आहे हे तो चांगला ओळखून होता.

दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "दिवसभर बसून काम आणि हे असलं खाणं. वडील कशाने गेले ते विसरू नका. दरवर्षी रक्त तपासा, निम्मं ताट भाजीचं ठेवा. आणि काट्यावर उभं राहायची लाज वाटत असेल तर निदान पॅन्टवर लक्ष ठेवा. घट्ट झाली की समजा." बाकीचं सगळं त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं, पॅन्टचं तेवढं धरून ठेवलं. "माझा वजनकाटा माझ्या कंबरेलाच आहे," असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा.

काही महिन्यांनी पॅन्ट घट्ट झाली. त्या दुपारी त्याने पावाला हात लावला नाही. "आजपासून बंद, ताई. डॉक्टर बरोबर बोलले." दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. घरून भाजी आणायची, मान खाली घालून खायची आणि परत कामाला लागायचं. ना थट्टा, ना गप्पा. मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर मला एकटीला पाव गोड लागेना. दिवसभर लोकांच्या बाह्या नि कॉलरी शिवायच्या, त्यात ती चारची वेळ तेवढी मला आपली वाटायची.

चौथ्या दिवशी, हूक सैल झालेत असं सांगून मी त्याच्या पॅन्ट्स मागून घेतल्या. पुरुषांची पॅन्ट शिवताना मी मागच्या शिवणीत दोन बोटं कापड जादा ठेवते, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून. ती शिवण उसवली, एक बोट कापड सोडलं, नवी टीप मारली आणि जुन्या टिपेच्या खुणा इस्त्रीखाली दाबून टाकल्या. सोमवारी स्वारी आली ती दोन्ही अंगठे कंबरेत घालून. "बघ! चार दिवसांत! उगाच घाबरवतात हे डॉक्टर लोक." त्या दिवशी आम्ही पाच पाव मागवले. तो पोट धरून हसत होता आणि मीही हसत होते. मला फार बरं वाटलं होतं.

मग ते अंगवळणीच पडलं. दर वर्षा-दीड वर्षाने एक बोट. कापड संपलं की त्याच रंगाची नवी पॅन्ट शिवायची आणि त्याने माप विचारलं की जुनंच सांगायचं. अडतीसची कंबर चव्वेचाळीस झाली, आणि हे जगात एका माझ्या टेपला ठाऊक. तब्येत सुटलीय असं कुणी म्हणालंच, तर तो पॅन्ट दाखवायचा. मी रक्त तपासायचं नाव काढलं तरी तेच. "पॅन्ट तीच आहे ना? मग?" आता यावर मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर माझीच चोरी उघडी पडली असती. मला तोंडाने खोटंही बोलावं लागलं नाही फारसं, सगळं सुईनेच बोलले.

गेल्या वर्षी उलटं सुरू झालं. पॅन्ट ढिली व्हायला लागली. मी शिवण आत घ्यायला लागले, आधी एक बोट, मग दोन. मला वाटलं, सुटले बाई. याचं आपोआप उतरतंय, अडतीसवर आला की माझं पापही कुणाला न कळता मिटेल. तो बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायचा, मी म्हणायची, चांगलं असतं. घटकाघटकेला उठून मोरीत जायचा, मी म्हणायची, एवढं पाणी पितोस, होणारच. "आमचा लहान्या कसा बारीक झाला बघा," म्हणून मी गल्लीभर मिरवलं. मूर्ख बाई.

एका सकाळी घड्याळ उघडून तो नुसताच बसून राहिला. "ताई, भिंगाला काही लागलंय का बघ गं."

मी पदराने पुसलं, उजेडात धरलं. भिंग स्वच्छ होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. साखर, आणि ती काही आजची नव्हे. "वजन तुम्ही उतरवलं नाहीत," त्या म्हणाल्या, "शरीर स्वतःलाच खात होतं." डावा डोळा गेलाच होता. उजव्यासाठी इंजेक्शनं, लेसर किरणांचे उपचार, मोजूनमापून खाणं. आठ महिने मी त्याच्या ताटावर पहारा दिला. बैल गेला आणि झोपा केला, पण केला. तोही जे वाढेन ते मुकाट खायचा. एक डोळा राहिला तरी घड्याळं होतील, एवढीच त्याची आशा होती. तो ती रोज बोलून दाखवायचा.

काल शेवटची तपासणी झाली. बाई म्हणाल्या, उजव्याचंही आता परत येणार नाही. सावल्या दिसतील, तेवढंच. "सुरुवातीलाच आला असतात तर," एवढं बोलून त्या थांबल्या.

दुकानात परत आलो. तो टेबलाशी बसला आणि उघडी पडलेली घड्याळं चाचपून एकेका पाकिटात घालायला लागला, ज्याची त्याला परत द्यायला. मला राहवेना. कपाटाच्या अलीकडून मी सगळं सांगून टाकलं. उसवलेल्या शिवणी, खोटी मापं, सगळं. "शिव्या दे मला," मी म्हटलं. "काहीतरी बोल."

त्याचे हात थांबले होते. "पहिल्यांदा कधी सैल केलीस?"

"तू पाव बंद केलेस ना, त्याच आठवड्यात."

त्याने हातातल्या पाकिटाचं तोंड दुमडलं. मग म्हणाला, आणि आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, "त्या वेळी मी खरंच सोडलं होतं गं, ताई."

मग त्याने हातातलं पाकीट माझ्या दिशेने पुढे केलं आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचायला सांगितलं.