लँडमास्टरचा लाल दिवा

डायनामोच्या गाडीचं दुखणं ओळखायला घाई चालत नाही, पण हे लोकांना सांगून काय उपयोग? गाडी अडली की आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना धक्का मारायला लावतात, मग भलतीकडेच बॅटरी बदलून घेतात, आणि सगळं करून थकले की नाक मुठीत धरून द्वारका नाक्यावरच्या माझ्या दुकानात येतात. सुधावहिनी मात्र सरळ माझ्याकडे आल्या होत्या. आणि नेमका त्यांच्याच गाडीत मी दोनदा तोंडावर आपटलो.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. वहिनींचे यजमान गोविंदराव त्या श्रावणात गेले. मागे त्यांची जुनी लँडमास्टर राहिली. त्यांनीच वहिनींना ती चालवायला शिकवलं होतं आणि वहिनी देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवायला त्याच गाडीने जायच्या. थोरले दीर बाळाजीपंत, त्यांना हे पहिल्यापासून खुपायचं. आता गाडीला गिऱ्हाईकही आलं होतं. ‘इगतपुरीला जाऊन धक्क्याशिवाय परत आली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू,’ असं त्यांनी बजावलं होतं.

आणि दसऱ्यापासून गाडीतला चार्जिंगचा लाल दिवा विझेना. इंजिन चालू झालं, डायनामोने जोर धरला की तो दिवा विझायला हवा. पेटलेला राहिला तर गाडी बॅटरी खात चाललीय असं समजायचं. मी आधी डायनामो फिरवणारा पट्टा बदलला, मग डायनामोतले झिजलेले कार्बन बदलले. दोन्ही वेळा गाडी चार दिवस नीट चालली आणि पुन्हा बसली. शेवटी एका रविवारी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरीच गेलो.

ओट्यावर गोविंदरावांच्या आई, आक्काबाई, बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. बाळाजीपंत आत पेपर वाचत होते. त्या गाडीचं बॉनेट हाही एक तापच होता. बिजागऱ्या आखडलेल्या, दोन्ही हात लावून दातओठ खात उचलावं तेव्हा कुठे वर यायचं.

वहिनी हळूच म्हणाल्या, “पुंजाराम, या वेळेला नीट शोधा हो. ही गाडी गेली तर या घरात मी नुसती त्यांची विधवा म्हणून उरेन.”

मी डायनामोच्या तारा सोडवून तिथे बल्ब लावला. वहिनींनी इंजिन चालू करताच तो लख्ख पेटला. म्हणजे डायनामो ठणठणीत. बॅटरीही चांगली होती. राहिलं कटआउट. बॉनेटखाली मागच्या भिंतीला ही काळी डबी बसवलेली असते आणि डायनामोचा करंट बॅटरीकडे सोडायचा की अडवायचा हे ती बघते. तिच्या अर्थिंगवर, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडावर, मला शंका आली. वहिनींना पुन्हा इंजिन चालू करायला सांगून मी डबीपासून बॅटरीपर्यंत एक वेगळी तार धरली.

“विझला!” वहिनी आतून ओरडल्या. “पुंजाराम, दिवा विझला!”

इंजिन बंद करून मी अर्थिंगचा स्क्रू काढला. खाली हिरवा गंज, त्यावर पांढरट चिकट थर. थरात कुंकू होतं आणि अक्षतांचे दोन दाणे.

मग सगळं ध्यानात आलं. दसऱ्याला गाडीच्या पूजेत नारळ जमिनीवर फोडतात, पाणी उडालं तर चाकांवर उडतं. इतक्या आत ते कोणीतरी मुद्दाम ओतल्याशिवाय जात नाही. नारळाचा डोळा फोडून, आवाज होऊ नये म्हणून शेडचं दार लावून ओतलेलं. गोविंदरावांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, घरात सणवार बंद होते, आणि कुंकवाला हात लावायची वहिनींना तर बंदीच. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

इतक्यात बाळाजीपंत बाहेर आले. “काय निघालं?”

“काय नाय, पावसाचं पानी गेलंय,” मी म्हणालो.

“गाडी शेडमध्ये असते. पाऊस आत येऊन पडला का?” ते वाकले. त्यांनी स्वतःच्या नखाने एक दाणा उकरला, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “यंदा या घरात पूजा कोणी केली?”

वहिनींचे ओठ हलले. पण आवाज ओट्यावरून आला.

“मी केली,” आक्काबाई म्हणाल्या.

“आई, तू?”

“मग? गोविंद दर दसऱ्याला नारळ वाढवायचा. तो गेला म्हणून त्याच्या गाडीनेही उपाशी राहायचं का? मला वाढवता आला नाही, पाणी तेवढं ओतलं. आता बोल काय बोलायचं ते.”

बाळाजीपंतांनी उघड्या बॉनेटच्या आखडलेल्या बिजागऱ्यांकडे पाहिलं, मग आईच्या मांडीवरच्या निकामी हाताकडे. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी आपला पॉलिश पेपरने गंज घासत बसलो, नवी तार टाकली, स्क्रू आवळला. वहिनींनी गाडी चालू करून पाय जरा दाबला आणि दिवा विझला. त्यांचे डोळे मात्र वाहत होते.

“इगतपुरीला आत्ताच जाऊ,” आक्काबाई म्हणाल्या. “मीही येते.”

भिंतीला धरत त्या आल्या आणि वहिनींच्या शेजारी बसल्या. चांगला हात आडवा नेऊन त्यांनी दार ओढून पाहिलं. गाडीचं दार, ते काही त्यांच्याने ओढवेना. मी पुढे होणार तेवढ्यात बाळाजीपंतच गेले आणि त्यांनी ते दार अलगद लावलं. मग खिडकीशी वाकले.

“सुधा, आईला सांभाळून ने,” ते म्हणाले. “येताना धक्का लागला तरी चालेल.”