सरड्याची नऊ अंडी आणि स्वच्छ पाणी

मुलांनो, जरा कल्पना करा. बत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा काळ आहे आणि तुम्ही पालीएवढा एक प्राणी आहात. दिवसभर जमिनीवर फिरून किडे खाता. पण अंडी घालायची वेळ आली की डबकं गाठावं लागतं, कारण उघड्यावर ती वाळून जातात. म्हणजे घर इकडं आणि दर बाळंतपणाला माहेर तिकडं. डबकं आटलं की माहेरही संपलं.

मग लाखो पिढ्यांत हळूहळू बदल होत गेला. अंड्यावर चिवट कवच आलं, आत पातळ पडद्याची पिशवी आली आणि पिशवीत थोडं पाणी. पिल्लू त्यात तरंगतं, बलकावर वाढतं आणि कवचातून हवा घेतं. डबकंच अंड्यात आलं. सरडा, कासव, कोंबडी, सगळ्यांची अंडी याच घराण्यातली.

माकणी गावच्या शाळेतल्या, सातवीच्या प्रीतीनं हे सगळं विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं. तक्त्यापुढं काचेच्या भांड्यात बेडकाची अंडी होती, वाटीत कोंबडीचं अंडं होतं आणि डब्यात, ओलसर मातीत, सरड्याची नऊ अंडी होती. तिच्या आत्याला, चांगुणाबाईंना, बांध खुरपताना ती सापडली होती. मोबाइलच्या उजेडात धरली की आत लाल शिरांचं जाळं दिसायचं. ती जिवंत होती. पिल्लं निघाली की बांधावर नेऊन सोडायची, या बोलीवरच आत्यानं ती दिली होती.

मुख्याध्यापक कल्याणप्पा सर प्रेमळ माणूस. त्यांना फक्त स्वच्छतेची फार हौस. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर माती सांडलेली पाहून त्यांना वाईट वाटलं. मातीतली अंडी उद्घाटनाच्या पाहुण्यांना दिसणार कशी, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं ती काचेच्या बरणीत ठेवली आणि वरून पाणी ओतलं. पाणी फिल्टरचं आहे, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

"सर, त्येंला हवा लागती. पाण्यात मरतील ती," प्रीती म्हणाली.

"पाण्यात कशी मरतील? सगळी जीवसृष्टी पाण्यातूनच आली, असं तूच लिवलंस की वर."

"आली सर. पण मग भायेर निघाली."

सरांना हे उत्तर आवडलं. पाहुण्यांपुढं अगदी असंच बोल, म्हणाले. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. आणि फीत कापेपर्यंत कुणी मांडणीला हात लावायचा नाही, हा शाळेचा नियम त्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवला.

पाहुणे दहाला येणार होते. पावणेअकरा झाले तरी वाटेतल्या गावात त्यांचा चहा चालू होता. प्रीती दोनदा सरांकडं जाऊन आली. दोन्ही वेळा गाडी निघालीच होती.

अकराला फीत कापली गेली. पाहुणे टेबलापाशी आले आणि प्रीतीनं पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. जमिनीवर जगण्यासाठी अंड्याला पाण्याची गरज उरली नाही, असं ती बरणीतल्या पाण्याकडं बघत म्हणाली. पाहुण्यांनी मान डोलावली. सरांनीही डोलावली.

"पाण्यात काय झकास दिसतात हो," पाहुणे म्हणाले. "असाच एक फोटो होऊन जाऊ द्या."

फोटोवाले पुढं झाले. सरांनी प्रीतीला बरणीला हात न लावता मागं उभं राहून हसायला सांगितलं.

प्रीतीनं बाह्या वर सारल्या, दोन्ही हात बरणीत घातले आणि अंडी बाहेर काढली. मग शेजारच्या सत्काराच्या ताटातला पाहुण्यांसाठी आणलेला कोरा टॉवेल ओढून घेतला, त्यावर नऊच्या नऊ अंडी ठेवली आणि सगळ्यांदेखत एकेक हलक्या हातानं टिपायला लागली.